कणगीवरचा स्पीकर

या सदरात लिहिणारा जवळपास प्रत्येक जण सुरुवातीलाच सांगून टाकतो की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझाही नाही. पण मी उगाच विज्ञाननिष्ठ वगैरे असल्याचा आव आणत नाही. माझं कारण साधं आहे... मी भित्रा आहे. सोसायटीच्या जिन्यातला बल्ब गेला की मी मोबाईल कानाला लावून मोठमोठ्याने बोलत वर जातो, पलीकडे कोणी नसलं तरी. असल्या माणसाला भुतांवर विश्वास ठेवणं झेपत नाही, म्हणून मी तो लहानपणीच सोडून दिला.

तर खाली जे लिहितोय त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दसऱ्याची भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी टीव्हीच्या टेबलाखाली डोकं घालून बसलो होतो.

मी शहापूरला राहतो. आसनगावजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजारापासून आत गेलं की ओढ्याच्या अलीकडे आमचं घर आणि पलीकडे आमची भाताची खाचरं. शहापूरहून किन्हवली, सरळगाव, धसई असं करत जायचं. गोष्ट २००६ च्या आसपासची आहे. आई जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती आणि घरात आबा, म्हणजे माझे वडील, एकटेच राहत होते.

आबांना ऐकू येत नव्हतं. आई असतानाच कमी झालं होतं, ती गेल्यावर पारच गेलं. एका शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन त्यांनी देव्हाऱ्यात ठेवून दिलं होतं. "शिट्टी वाजते त्याच्यात," एवढंच म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे स्वतः मात्र बोलायचे ओरडून. नुसतं "च्या घेतो का" विचारलं तरी ओढ्यापलीकडे जाणारा माणूस थांबायचा.

माझी धाकटी बहीण शैला शेणव्याला दिलेली. तिने त्या वर्षी पाय आपटला. झालं होतं असं, की गावातल्या कोणीतरी आबांना दाराबाहेरून कितीतरी वेळ हाका मारल्या, दार वाजवलं, शेवटी कौलं सरकवून आत उतरले. आबा आत चुलीपाशी आरामात भाकरी खात बसलेले.

"उद्या घरात काही पेटलं, गाय सुटली, साप आला... त्यांना कळणार कसं?" शैला मला फोनवर म्हणाली. "दिवाळी झाली की घराला कुलूप लाव. आबा तुझ्याकडे नाही तर माझ्याकडे. तू काय ते ठरव, मी ठरवलंय."

शैलाचं ठरवणं हे असं असतं.

आबांना मी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवलं आणि गोठ्यात गेले. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. पंचाहत्तरीच्या माणसाला त्याच्या उंबऱ्यावरून उठवून शहापूरच्या दुसऱ्या मजल्यावर आणायचं, म्हणजे काय करायचं, हे मला कळत होतं. पण शैलाचं चूक आहे असंही म्हणता येत नव्हतं.

आता यात होम थिएटर कुठून आलं, ते सांगतो.

आदल्या दिवाळीत एक्स्चेंज ऑफरला भुलून मी एक होम थिएटर घेतलं होतं. पाच छोटे स्पीकर आणि एक भलामोठा वूफर. पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या फळीवरचे डबे एकेक पाऊल पुढे सरकत होते म्हणे. दोनदा आल्या, तिसऱ्यांदा काका आले. त्यानंतर ते सगळं पलंगाखाली गेलं. माझी बायको सुनंदा पलंगाखालून झाडू फिरवताना रोज त्या वूफरशी बोलायची. मला ऐकू जाईल अशा बेताने.

मला वाटलं, हेच गावी न्यावं. आबांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू आल्या, तर माणूस जगाशी जोडलेला राहील, शैलाला दाखवायला काहीतरी होईल. सुनंदा म्हणाली, "अहो, त्यांना कान नाहीयेत, तुम्ही त्यांना तोंडं काय देताय?" पण वूफर घरातून जातोय म्हटल्यावर तिने जास्त ताणलं नाही.

त्या होम थिएटरच्या पुस्तिकेत एक चित्र होतं. मधोमध सोफा, सोफ्यावर एक सुखी कुटुंब, आणि चारी बाजूंना स्पीकर. आमच्या घरात सोफा नाही. टीव्ही माजघरात. आबा बसायचे ते ओटी आणि माजघराच्या मधल्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ टेकून. म्हणजे ना आत ना बाहेर. पुढचे तीन स्पीकर टीव्हीपाशी बसले. मागचा उजवा खिडकीत ठेवला. मागच्या डाव्याला जागाच मिळेना, तेव्हा तो कणगीवर ठेवला. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची, शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीएवढी उंच टोपली. आमची कणगी स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच होती.

आवाज वाढवला. कोंबड्या अंगणातून गेल्या त्या संध्याकाळीच परत आल्या. कौलांतून माती पडली. ओढ्यापलीकडच्या घरातून निरोप आला की बातम्या आमी बी ऐकल्या, आता जाहिराती तेवढ्या बारीक लावा. आणि आबा?

"आवाज येतो," आबा ओरडून म्हणाले, "पण बोललेलं समजत नाय. कोनतरी मडक्यात तोंड घालून बोलतंय."

मी व्हॉल्यूम वाढवत गेलो, तसतसं मडकं मोठं होत गेलं. मग दोन रविवार खटपट केल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्पीकरच्या वायरीला दोन तारा असतात, एक प्लस, एक मायनस. एखाद्या स्पीकरला उलट्या लागल्या तर तो इतरांच्या उलटा चालतो. बाकीचे श्वास सोडतात तेव्हा हा आत ओढतो. मग सगळे मिळून एकमेकांचं बोलणं खाऊन टाकतात. आमच्या घरातल्या कुठल्याही बैठकीसारखं. आणि मी धसईच्या दुकानातून आणलेली वायर दोन्हीकडून पांढरी होती, त्यामुळे कुठली तार कुठली हे मलाच कळत नव्हतं.

मग मी अक्कल चालवली. देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवलं आणि उलटसुलट लावून बघत जी प्लस ठरली, त्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना बोट लावलं. कुंकू लागलेली तार लाल खाचेत, कोरी तार काळ्या खाचेत. सगळं जोडून बातम्या लावल्या.

आबांनी मान वर केली. बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता बोलला मानूस."

सगळं कळत होतं असं नाही, पण दहातले चार शब्द कळत होते. मी शैलाला फोन केला. ती म्हणाली, "टीव्ही ऐकू येतो ते ठीक आहे रे दादा, पण संकट काय टीव्हीवर येतं का? मी दसऱ्याला येते, बघते." तिच्या आवाजावरून तिचं बघून झालेलं होतं.

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आईने जन्मात कधी आबांचं नाव घेतलं नाही. त्या काळी बायका घेत नसत, आणि आमची आजी घरात असताना तर मोठ्याने हाक मारणंही बरं दिसत नसे. पण आबा ओढ्यापलीकडे खाचरात, आणि जेवायला तर बोलवायचं. मग आई मागच्या दारात उभी राहून पितळी परातीवर पळीने ठोके मारायची. टण, टण... मग जरा थांबून, टण. दोन आणि एक. आजूबाजूच्या घरांतल्या बायकांचे ठोके वेगळे. हा आमचा. आबा तिकडून ओरडायचे, "आलो गो." आईला ते ओढ्याच्या आवाजात ऐकू जायचं नाही, तरी ते म्हणायचेच. आम्ही पोरंसुद्धा त्या ठोक्यांवर घरी यायचो. पुढे आजी गेली, आबांनी खाचरं दुसऱ्याला अर्ध्याने कसायला दिली आणि ते घरातच बसायला लागले, तरी आई त्यांना स्वयंपाकघरातून तसंच बोलवायची. सवय. मधे फक्त माजघर असायचं, आणि आबा उंबऱ्यावरून म्हणायचे, "आलो गो."

आई गेल्यावर ती परात शैला शेणव्याला घेऊन गेली. आठवण म्हणून. एवढं लक्षात ठेवा.

तर दसरा. शैला आदल्या दिवशीच आली. घर झाडायचं, सारवायचं, म्हणून मी सगळे स्पीकर मोकळे केले, वायरी सोडवून ठेवल्या. बिनधास्त. कुंकवाच्या खुणा होत्या ना.

आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा असते. विळे, कोयते, पहार, नांगराचा फाळ, सगळं धुऊन माजघरात पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं. मी सकाळी ओढ्यावर अंघोळीला गेलो होतो. परत येऊन बघतो तर पूजा आटोपलेली. पाटावर विळा, कोयता, पहार, माझा स्क्रू-ड्रायव्हर, टीव्हीचा रिमोट... आणि शेजारी व्यवस्थित ओळीने मांडलेल्या माझ्या वायरी. प्रत्येक तारेच्या प्रत्येक टोकाला तेलात कालवलेलं कुंकू. एकही टोक कोरं नाही.

"शैला, हे काय केलंस?"

"पूजा," शैला म्हणाली. "अर्ध्यांना लावलेलं होतं, अर्ध्या तशाच राहिल्या होत्या. मला वाटलं तू विसरलास. सणाचं असं अर्धवट ठेवू नये."

बहिणीच्या भक्तीला प्लस-मायनस नसतं.

आता सगळं पहिल्यापासून. त्यात दसऱ्याचासुद्धा मुलाहिजा न ठेवता लोडशेडिंग. सकाळपासून आख्ख्या गावात लाईट नव्हती. म्हटलं बरंच आहे, तारांना हात घालायला भीती नाही. सगळ्या तारांची कुंकवाची टोकं कापून टाकायची, नवीन टोकं सोलायची आणि लाईट आली की एकेक करून लावून बघायची. मी टीव्हीच्या टेबलाखाली वायरींचा ढीग मांडीवर घेऊन बसलो. स्पीकर जिथल्या तिथे मांडले होते, पण एकालाही वायर नव्हती. कणगीवरचा डावा स्पीकर आपला मोकळा बसला होता, मागे दोन रिकाम्या खाचा घेऊन.

तार सोलायची आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत असेल. काडी पेटवायची, वायरीचं टोक तापवायचं, प्लॅस्टिक मऊ झालं की नखाने खेचायचं. हातात काडीपेटी होती. सारवणाची आणि कणगीची धूळ नाकात जाऊन मी सकाळपासून शिंकत होतो, नाक पार बंद.

शैलाने गॅसवर खिरीसाठी दूध ठेवलं. "दुधाकडं बघा रे," असं घरालाच सांगितल्यासारखं म्हणाली आणि केळीची पानं आणायला परसाच्या पार खालच्या टोकाला गेली. आता घरात कोण? एक बहिरा, उंबऱ्यावर चौकटीला टेकून डोळे मिटलेला. दुसरा टेबलाखाली.

पहिली काडी सर्दाळलेली निघाली. दुसरीचा गूल मोडला. तिसरी काढली.

टण, टण.

आणि मग... टण.

फार मोठा आवाज नाही. टीव्हीचा व्हॉल्यूम अगदी बारीक ठेवला तर जेवढा येईल तेवढाच. पण स्वच्छ, पितळेचा, शेवटी थोडा थरथरणारा. आणि कुठून आला याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. माझ्या मागून, डावीकडून, छातीच्या उंचीवरून. कणगीवरून.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, वा, डावा चालला.

मग डोकं वर करताना टेबलाला आपटलं.

उंबऱ्यावर आबांनी डोळे उघडले होते. ते हात टेकून उठले. "आलो गो," म्हणाले.

मला परात ऐकू आली त्याचं एवढं नाही, पण हे "आलो गो" मी विसरू शकत नाही. आबा दोन वर्षं ओरडल्याशिवाय बोलले नव्हते. हे मात्र हळू म्हणाले, अगदी समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं. ते माझ्या बाजूने गेले, जाताना कणगीला नेहमीसारखा हात टेकवला आणि स्वयंपाकघरात शिरले.

काडी माझ्या हातात तशीच होती. पेटीवर टेकवलेली.

"वसंता," आतून आबांचा नेहमीचा खणखणीत आवाज आला, "काडी वढू नको."

दूध उतू जाऊन त्याने गॅसची ज्योत विझवली होती. बटण चालूच. किती वेळ गॅस येत होता कोण जाणे. माझ्या नाकाला काही कळलं नव्हतं, आणि मी जमिनीवर बसलेलो. तो गॅस जड असतो, खालून पसरत येतो, हे मला कारखान्यात दर वर्षी ट्रेनिंगमधे सांगतात. मी टाळ्याही वाजवतो.

आबांनी बटण बंद केलं, मागचं दार, खिडकी सताड उघडली. मी काडीपेटी घेऊन अंगणात आलो, ती कुठे ठेवावी हेच सुचेना, शेवटी तुळशीपाशी ठेवली. तेवढ्यात शैला पानं घेऊन वर आली. वास तिला दारातच आला. तिने गॅस बघितला, मला बघितलं, तुळशीपाशी ठेवलेली काडीपेटी बघितली. पानं खाली ठेवून पायरीवर बसली.

"तू हाक मारलीस का आबांना?" मी विचारलं.

"मी? मी खाली होते रे. कशाला हाक मारू, ऐकतात का ते?"

मग तिने आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "आबा, तुमाला कसं कळलं?"

"काय?"

"गॅसचं. कसं कळलं?"

"गॅसचं कुठं," आबा म्हणाले. "जेवायला बोलावलं, म्हनून आत गेलो. आत जाऊन बघतो तं हा असा वास."

"कोणी बोलावलं?"

आबांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. आपली दोन्ही मुलं एकाच वेळी खुळी झाली असावीत, अशा नजरेने.

"ह्या घरात जेवायला कोन बोलावतं?" ते म्हणाले. "पानं धू. उशीर झाला."

घर मोकळं होईपर्यंत आम्ही अंगणात बसलो, मग शैलाने चूल पेटवली, खिरीशिवाय नैवेद्य झाला, जेवणं झाली. जेवताना मी तिला हळूच सांगितलं की आवाज मीसुद्धा ऐकला. दोन आणि एक. ती घास हातात धरून थांबली.

"परात माझ्याकडे आहे, दादा."

"माहीत आहे."

"शेणव्याला. पिठाच्या डब्यामागे."

"माहीत आहे गं."

घरी पोचल्यावर तिने मला फोन केला. परात पिठाच्या डब्यामागेच होती. वर धूळसुद्धा होती, तिने बोट फिरवून बघितलं होतं.

आता स्पष्टीकरणं. मी सगळी गोळा केली आहेत, भित्रा माणूस दुसरं काय करणार?

शहापूरच्या बाजारात माझा एक मित्र रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. तो म्हणाला, स्पीकर कधी कधी आपोआप रेडिओसुद्धा पकडतो, त्यात विशेष नाही. मी म्हटलं, गावात लाईट नव्हती. तो म्हणाला, मग वायरीतून काहीतरी आलं असेल. मी म्हटलं, वायर माझ्या मांडीवर होती. तो जरा वेळ सोल्डरिंगकडे बघत बसला आणि म्हणाला, "उंदीर." दसऱ्याच्या वेळी कणगी जवळजवळ रिकामी असते, आत उंदीर नाचला तर ढोलासारखा आवाज येतो. हे बरोबर आहे. पण उंदीर दोन ठोके मारून, थांबून, तिसरा कशाला मारेल? आणि पितळेचा?

सुनंदाचं म्हणणं, मला आईची आठवण सणाला येतेच, आणि सर्दीत कान वाजतात. हेही मी मान्य केलं असतं. पण मग आबा का उठले? त्यांना सर्दी नव्हती.

शैलाने सुरुवातीला म्हणून बघितलं, की आबांचं नाक अजून तिखट आहे, वासाने उठले असतील. मग तीच म्हणाली, "पण वासाला कोणी 'आलो गो' म्हणतं का?"

दिवाळीआधी आम्ही आबांना शहापूरला एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मला मनातून वाटत होतं की थोडं सुधारलं असेल. डॉक्टरांनी तपासलं, कागदावरची खाली खाली गेलेली रेघ दाखवली. आधीपेक्षा जास्तच गेलं होतं. मी विचारलं, "शेजारच्या खोलीत कोणी भांडं वाजवलं तर?" ते म्हणाले, "याच खोलीत वाजवलं तरी नाही."

दवाखान्याच्या बाहेर आबांना रसाच्या गाडीवर बसवलं आणि शैलाला विचारलं, "मग? दिवाळीनंतर कुठे, तुझ्याकडे की माझ्याकडे?"

शैला बराच वेळ आबांकडे बघत होती. ते उसाचा चरक फिरताना मन लावून बघत होते.

"राहू दे त्यांना घरी," ती म्हणाली. "त्यांना जे ऐकू यायला पाहिजे ते येतं."

गॅस मात्र तिने सिलिंडरसकट शेणव्याला नेला. विश्वास वेगळा आणि शैला वेगळी. आबा पुन्हा चुलीवर आले, त्यांची काही तक्रार नव्हती.

मी पुढच्या रविवारी जाऊन वायरी जोडल्या. खुणा नव्हत्याच, म्हणून एकेक तार उलटसुलट करून बघायची आणि आबांना खुणेने विचारायचं. आबा उंबऱ्यावरून निकाल द्यायचे. "मडकं." मी उलटी लावायचो. "हां, आता मानूस." असे चार स्पीकर झाले. पाचव्याची वायर घेऊन मी कणगीपाशी गेलो, तसे आबा म्हणाले, "त्याला राहू दे."

"वायर लावतो ना. त्याशिवाय वाजणार कसा?"

त्यांना ऐकू गेलं नसणार, पण माझ्या हातातली वायर दिसत होती.

"त्याला लागत नाय," आबा म्हणाले, आणि टीव्हीकडे वळले.

मी वायर गुंडाळून कणगीमागे टाकली.

त्यानंतर तो आवाज मी कधी ऐकला नाही. रविवारी दुपारी मुद्दाम माजघरात बसून राहायचो, कान देऊन. मला काही ऐकू यायचं नाही. आबा मात्र चुलीवर भात-आमटी शिजवून ठेवायचे, उंबऱ्यावर येऊन डोळे मिटून बसायचे आणि मधेच उठायचे. ओठ हलायचे. काय म्हणतात ते दोन हातांवर बसूनही मला ऐकू येत नसे, इतकं हळू. मग कणगीला हात टेकवून आत जायचे. स्वतः रांधलेलं जेवायला कोणीतरी बोलवेपर्यंत हा माणूस थांबतो, हे बघून मी पुढे पुढे टीव्हीखाली तपासण्यासारखं काहीतरी काढून तिकडे पाठ करून बसायला लागलो. ते त्यांचं त्यांच्यात होतं.

आबा त्या घरातच गेले. शेवटपर्यंत चालते-फिरते होते. शेजारच्यांनी सांगितलं, दुपारी उंबऱ्यावर बसलेले दिसले होते, नंतर दिसेनात म्हणून आत आले तर कणगीला पाठ टेकून बसलेले, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. चुलीवर भात तयार होता. शैला रडली, पण मला म्हणाली, "कुलूप लावलं असतं ना आपण, तर मी स्वतःला..."

होम थिएटर मी परत शहापूरला आणलं. वूफर सोडून, तो गावात भजनी मंडळाला देऊन टाकला, खालच्या काकूंनी पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले. डाव्या स्पीकरला त्या दसऱ्यानंतर इथे पहिल्यांदा वायर लावली. चालतो. इतर चार जसे चालतात तसाच. मी उघडून बघितला आहे. लोहचुंबक, कागदाचा पडदा, तांब्याची बारीक तार. आत दुसरं काही नाही. जे झालं ते कसं झालं हे मला त्या दुपारी कळलं नव्हतं आणि आज हे लिहितानाही कळलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला या विषयातलं कळत असेल तर जरूर कळवा, फक्त उंदीर सोडून.

एक शेवटचं. वडिलांचं बरंच काही मुलात येतं, आमच्याकडे आधी कान येतात. गेल्या वर्षभरात सुनंदाचं म्हणणं आहे की टीव्हीचा आवाज मी वाढवतच चाललोय. कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येत नाहीत. जेवायला हाका मारून तिचा घसा बसतो, म्हणून हल्ली ती स्वयंपाकघरातून माझ्या मोबाईलवर मिस्ड कॉल देते. खिशात थरथरलं की मी उठतो.

परवा ती बाजारात गेली होती तेव्हा मी डाव्या स्पीकरची वायर काढून ठेवली. आल्यावर तिने बघितलंच.

"आता काय बिघडलं त्याला?"

"काही नाही," मी म्हटलं. "प्लस-मायनस बघतोय."